फाटकाबाहेरचा आकडा

नेडीन पिकेटला गाड्यांतलं ओ की ठो कळत नव्हतं, पण गाड्या विकणारी माणसं मात्र तिला चांगली कळत. एकोणचाळीस वर्षांच्या संसारात पिकेटांच्या दारात चार ट्रक आले आणि चारही तिनंच भाव करून आणले. तिचा नवरा डेल्मर बाहेर नव्या ट्रकच्या टायरला बुटाच्या टोकानं ढोसत उभा राहायचा आणि शेवटी बोलावणं आलं की आत जाऊन सही करायचा. तो वेल्डर होता. लोखंडाशी त्याचं जमायचं, कारण लोखंड गोड बोलत नाही.

चौथ्या ट्रकच्या वेळी घरी येताना तिनं त्याला धडा दिला होता. आपल्यामागं या माणसाचं कसं होणार, ही काळजी तिला तेव्हापासूनच असावी.

"किंमत विचारू नकोस. हप्ता तर मुळीच विचारू नकोस. फाटकाबाहेरचा आकडा विचार," ती म्हणाली होती. "म्हणजे किती पैसे टाकले की मी ट्रक घेऊन या फाटकाबाहेर पडेन आणि मागून कुणी हाक मारणार नाही. तो आकडा कागदावर आल्याशिवाय कुणाच्या हातात हात देऊ नकोस. तुझा हात फार लवकर पुढं येतो. आणि परतीची सोय असल्याशिवाय तिथं पाय ठेवू नकोस."

डेल्मरनं बरं म्हटलं होतं. बायको शहाणी असली की नवऱ्याला शहाणं व्हायची घाई नसते.

नेडीनला जाऊन आता चौदा महिने झाले होते, आणि त्या चौथ्या ट्रकचं इंजिन बुधवारी सकाळी भर रस्त्यात बसलं. तीन लाख दहा हजार मैल झाले होते, त्यामुळे त्याला दोष देण्यात अर्थ नव्हता. पण सोमवारपासून डेल्मरला गॅसच्या कारखान्यावर पाच महिन्यांचं काम मिळालं होतं. तिथं वेल्डरनं स्वतःचं मशीन स्वतःच्या ट्रकवर लादून आणायचं असतं. ज्याला ट्रक नाही त्याला फाटकावरूनच परत पाठवतात. त्रेसष्टाव्या वर्षी असं काम पुन्हा चालून येत नाही.

शनिवारी सकाळी त्यानं दोन पाकिटं घेतली. पँटच्या खिशातल्या पाकिटात ट्रकसाठी रोख भरायचे सहा हजार डॉलर होते. शर्टाच्या खिशात, लोखंडावर खुणा करायच्या खडूच्या तुकड्याशेजारी, दुसरं पाकीट होतं. त्यात चार हजार दोनशे होते आणि ते नेडीनच्या थडग्यावरच्या दगडाचे होते.

दगड म्हणजे दोघांचा मिळून एक: डावीकडं तिचं नाव आणि दोन्ही तारखा, उजवीकडं त्याचं नाव, जन्मतारीख आणि पुढची जागा कोरी. त्यांच्याकडं नवराबायकोचा असाच करतात. ऑर्व्हल हॅस्किन या दगडवाल्यानं तुकडा बाजूला काढून ठेवला होता. महिनाअखेरपर्यंत जुना भाव, पुढं खाणवाले भाव वाढवणार, असं त्यानं दोनदा फोन करून सांगितलं होतं. आज पैसे दिले तर मेच्या शेवटच्या सोमवारी, अख्खा गाव आपापल्या माणसांच्या थडग्यांवर फुलं ठेवायला येतो त्या दिवशी, दगड उभा असेल.

गेल्या वर्षी त्या दिवशी नेडीनच्या मातीवर फक्त अंत्यविधी करणाऱ्यांनी रोवलेली पत्र्याची पाटी होती. तिच्यात काचेखाली कागद, कागदावर नाव. उन्हानं शाई पार उडाली होती. डेल्मर पोचला तेव्हा कुणी तरी परकं कुटुंब तिथं प्लॅस्टिकची निळी फुलं ठेवून, डोकी झुकवून प्रार्थना करत होतं. त्यांची मावशी शेजारच्या ओळीत होती. चूक कळल्यावर ती माणसं शरमली, त्यांनी फुलं उचलली आणि दोन पावलं सरकून पुन्हा पहिल्यापासून प्रार्थना म्हणाली. डेल्मरला ते फार लागलं. पुढच्या वर्षी तुझं नाव असेल, असं त्यानं तिला तिथंच सांगितलं, आणि तेव्हापासून एकेक नोट त्या पाकिटात टाकली.

लोखंडाची पाटी तो स्वतः एका दुपारी करू शकला असता. पण नेडीननं आधीच बजावून ठेवलं होतं, की चाळीस वर्षं तुझ्या कपड्यांतला गंज धुतला आहे, आता माझ्या डोक्यावर लोखंड नको.

शेजारच्या रॉइसनं त्याला सत्तर मैलांवरच्या क्वेल क्रॉसिंगला सोडलं. रॉइसला वासरांच्या लिलावाला जायचं होतं.

"थांबू का रे?" त्यानं विचारलं.

"कशाला? येताना माझाच ट्रक असेल," डेल्मर म्हणाला. रॉइसची गाडी वळणाआड गेल्यावर त्याला परतीच्या सोयीची आठवण झाली. बंद पडलेला ट्रक क्वेल क्रॉसिंग मोटर्सच्या लोकांनी आदल्या दिवशीच ओढून नेला होता, तोही फुकट. फुकटाला भुलू नये हेही नेडीन सांगायची, पण एका माणसानं किती लक्षात ठेवायचं.

विकणाऱ्या तरुणाचं नाव ब्राइस. तिशीचा, इस्त्रीचा शर्ट, बोलण्यात अदब. दर वाक्याला सर. त्यानं पॉपकॉर्न दिलं, कॉफी दिली, नेडीनबद्दल ऐकून टोपी काढली. डेल्मरनं मात्र खुर्चीत बसल्या बसल्या पाठ केलेलं वाक्य म्हटलं, की मला फाटकाबाहेरचा आकडा सांग.

"सांगतो ना सर," ब्राइस म्हणाला. "पण आधी किमतीवर तर येऊ. किमतीशिवाय आकडा कुठून काढू?"

यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. घोळ तिथंच झाला.

पांढरा, साधा, चार दारांचा ट्रक. काचेवरची किंमत एकसष्ट हजार चारशे. डेल्मर पंचावन्नवर अडून बसला. ब्राइस तीन वेळा उठून मॅनेजरच्या खोलीत गेला आणि दर वेळी थोडा अधिक दमून बाहेर आला. जसं काही आत त्याला कुणी कपडे धुतात तसं आपटत होतं. तिसऱ्या खेपेला त्यानं कागदावर पंचावन्न हजार पाचशे लिहून खाली दोन रेघा ओढल्या. जुन्या ट्रकचे दीड हजार, रोख सहा हजार, बाकी अठ्ठेचाळीस बँकेचे. डेल्मरनं मनातल्या मनात नेडीनकडं पाहिलं. एवढ्या खाली तर तीसुद्धा आली नसती.

"मग ठरलं सर?" असं म्हणत ब्राइसनं हात पुढं केला.

आणि डेल्मरचा हात पुढं गेला.

त्या मुलखात हाताला मोल आहे. डेल्मरच्या बापानं बावीस गाई आणि एक विहीर नुसत्या हातावर विकली होती. दुसऱ्या दिवशी दुप्पट भाव देणारा आला, त्याला त्यानं दारातूनच परत लावलं. हात दिल्यावर मागं फिरणारा माणूस तिथं चर्चमध्येसुद्धा एकटा बसतो. त्यामुळं आपण काय केलं हे डेल्मरला उमगलं तेव्हा हात ब्राइसच्या हातात होता आणि ब्राइस तो जोरजोरात हलवत होता.

मग तासभर बसवून ठेवलं. मग कागदपत्रांच्या खोलीत नेलं. तिथं शेरलिन नावाची बाई होती. पन्नाशीची, गळ्यात बारीक क्रॉस, टेबलावर नातवंडांचे फोटो. तिनंही नेडीनबद्दल वाईट वाटल्याचं सांगितलं आणि ते खरंच वाटलं असावं. मग तिनं कागद त्याच्याकडं फिरवला. वर पंचावन्न हजार पाचशे होतेच. खाली पाच ओळी होत्या, आणि पाच ओळींची बेरीज तीन हजार पाचशे सत्त्याऐंशी.

"हे काय आहे?"

"आमची शुल्कं. सगळ्यांनाच लागतात."

डेल्मर चिडला नाही. त्यानं चष्मा लावला आणि एकेका ओळीवर बोट ठेवून विचारलं. तिनंही न कंटाळता सांगितलं. कागदपत्रं करण्याचे सहाशे नव्याण्णव. ट्रक धुऊन, प्लॅस्टिक काढून विक्रीला उभा करण्याचे आठशे पंच्याण्णव. रंग आणि सीट जपण्याच्या लेपाचे एक हजार दोनशे पंच्याण्णव. चोरी होऊ नये म्हणून काचांच्या कोपऱ्यात नंबर कोरण्याचे तीनशे नव्याण्णव. टायरमध्ये नायट्रोजन भरण्याचे दोनशे नव्याण्णव.

"लेप मला नको."

"तो लावून झालाय, मिस्टर पिकेट. ट्रक येतो तेव्हाच लावतात. आता खरवडून कसा काढायचा?"

"काचेवरचे नंबर?"

"तेही कोरून झालेत."

"आणि कागद? विकणारे तुम्ही, कागद तुमचे. दुकानदार पावतीचे पैसे गिऱ्हाइकाकडून घेतो का?"

"ते शुल्क आम्ही सगळ्यांना एकच लावतो. एकाला सोडलं तर दुसऱ्यावर अन्याय होईल." अन्याय कसा आणि कुणावर, हे विचारण्यात हशील नव्हतं. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, आणि मसाला आधीच पातेल्यात पडलेला.

नायट्रोजनवर मात्र डेल्मर अडला. चाळीस वर्षं त्यानं गॅसच्या टाक्या विकत घेतल्या होत्या आणि कुठला गॅस काय भावानं मिळतो हे त्याला झोपेतून उठवलं तरी सांगता आलं असतं.

"बाई, तुम्ही आत्ता श्वास घेतलात ना, त्यात चारातल्या तीन भागांहून जास्त नायट्रोजनच होता. त्याचे किती झाले?"

शेरलिन हसली. मनापासून हसली, आणि पेन घेऊन ती ओळ तिनं खोडली. दोनशे नव्याण्णव कमी झाले. डेल्मरला क्षणभर जिंकल्यासारखं वाटलं आणि मग त्याचीच त्याला लाज वाटली. ती ओळ खोडण्यासाठीच छापलेली असते. त्याच्यासारखा एखादा म्हातारा जिंकून घरी जावा, एवढंच त्या ओळीचं काम.

राहिले तीन हजार दोनशे अठ्ठ्याऐंशी. ते कर्जात घाला, असं तो म्हणाला. शेरलिननं मान हलवली. नेडीनच्या इस्पितळाच्या बिलांपासून बँकांकडं त्याचं नाव चांगलं नव्हतं. बँक ट्रकचे अठ्ठेचाळीस हजार आणि सरकारी कर देणार होती, त्यावर एक डॉलर नाही. हे पैसे रोखच भरायला हवेत.

"नसले तर?"

"तर आज गाडी देता येणार नाही." तिनं हे इतक्या हळू सांगितलं, की जणू तिला स्वतःलाच ऐकायचं नव्हतं.

डेल्मर उठून बाहेर अंगणात गेला. वारा सुटला होता आणि दुकानाच्या झेंड्यांचे दोर खांबांवर आपटत होते. त्याचा जुना ट्रक मागच्या कुंपणाशी उभा होता, नंबरपाटी आधीच काढलेली. सत्तर मैल चालत जाता येत नाही. रॉइस लिलावात. दुसरा दुकानदार नव्वद मैलांवर, शनिवारचे तीन वाजून गेलेले, आणि रविवारी दुकानं बंद. सोमवारी सकाळी सहाला कारखान्याचं फाटक. त्यानं सगळीकडून हिशेब मांडून पाहिला आणि दर वेळी उत्तर शर्टाच्या खिशात येऊन थांबलं.

ब्राइस मागोमाग आला.

"तू हात दिला होतास," डेल्मर म्हणाला.

"किमतीवर दिला होता सर. किंमत तीच आहे. एक सेंट वाढला नाही."

"मी तुला बसल्या बसल्या काय विचारलं होतं?"

ब्राइसनं बुटाकडं पाहिलं. "आकडा. पण नंतर तुम्ही पुन्हा विचारलं नाहीत. हात दिलात." मग म्हणाला, "त्या खोलीतलं मला काही मिळत नाही सर. मला एका गाडीमागं दोनशे डॉलर मिळतात. माझी बायको गरोदर आहे. मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल. सगळ्यांना माहीत असतं."

तेही खरं होतं. डेल्मरला माहीतच होतं. कुणी त्याच्याशी खोटं बोललं नव्हतं, कुणी कागद लपवला नव्हता, आणि दिवसभरात एकही माणूस त्याच्याशी वाईट वागला नव्हता. रागावायला कुणी मिळालं असतं तर बरं झालं असतं. आपलीच चूक आणि आपलीच बायको, तीही आता नसलेली, आणि तिनं सांगून ठेवलेलं. एकेक शुल्क आता त्याला तिच्याइतकंच समजलं होतं. समजून एक पैसा कमी झाला नव्हता.

हात दिला नसता तर? असं त्यानं स्वतःला विचारलं. तर कदाचित सरळ म्हणता आलं असतं, ठेवा तुमचा ट्रक. ते घाबरले असते, मागं धावत आले असते. नेडीनच्या मागं धावत यायचे. पण ती निघायची तेव्हा तिच्या हातात गाडीची किल्ली असायची आणि शब्द कुणाला दिलेला नसायचा. त्याच्याकडं यातलं काहीच उरलं नव्हतं.

तो आत गेला. शर्टाच्या खिशातलं पाकीट काढताना खडूचा तुकडा जमिनीवर पडला, तो वाकून उचलला. पाकिटावर त्याच्या अक्षरात नेडीन असं लिहिलेलं होतं. शेरलिननं ते वाचलं. नोटा तिनं पाकिटावर न ठेवता बाजूला ठेवून मोजल्या. परत आलेले नऊशे बारा त्यानं पुन्हा पाकिटात घातले. सह्या करायला अर्धा तास लागला.

निघताना त्यानं ट्रकच्या मागच्या फळीकडं बोट दाखवलं. तिच्यावर वीतभर उंचीच्या चकचकीत अक्षरांत क्वेल क्रॉसिंग मोटर्स असं नाव बसवलेलं होतं.

"आणि या नावाचे किती?"

"ते फुकट हो," शेरलिन म्हणाली. अख्ख्या दिवसात एक तरी चांगली गोष्ट सांगता आली म्हणून तिला बरं वाटलं. "नाव आम्ही फुकटच लावून देतो."

ऑर्व्हल हॅस्किनचं दुकान गावाच्या टोकाला, घरी जायच्या रस्त्यावरच होतं. ऑर्व्हल दारात खुर्ची टाकून बसला होता. नवा ट्रक पाहून तो उठला आणि हात चोळत पुढं आला.

"वा रे वा, डेल्मर! शोभतोस की," तो म्हणाला. "चल आत. आरशासारखा घासून ठेवलाय बघ तुझा दगड. सोमवारी कोरायला घेतो."

डेल्मरनं काच खाली केली, पण इंजिन बंद केलं नाही. आज जमणार नाही, असं त्यानं सांगितलं. नऊशे आहेत, बाकीचे कामाचा पहिला पगार झाल्यावर. ऑर्व्हल वाईट माणूस नव्हता. त्यानं डोक्यावरची टोपी मागं सारली, ट्रककडं पाहिलं, मग डेल्मरकडं पाहिलं आणि ट्रककडं पुन्हा पाहिलं. त्या तिसऱ्या नजरेत जे होतं ते डेल्मरला आयुष्यभर पुरलं असतं.

"पहिल्या तारखेनंतर मला हा भाव धरता येत नाही रे," ऑर्व्हल म्हणाला. "आठशेनं तरी वाढेल. आणि मेचं तर आता विसरच. पण ट्रक छान घेतलास."

ट्रक सगळ्यांनाच छान वाटला. इंजिनाचा आवाज ऐकू येत नव्हता, सीटला नव्याचा वास होता, लेपाचे पैसे भरल्यामुळं असेल, पण सीटवर हात ठेवायलाही त्याला अवघडल्यासारखं होत होतं.

दफनभूमी घराच्या अलीकडं चार मैलांवर, गव्हाच्या शेतात. दुपार कलली होती. तो फाटकातून आत शिरला, नेडीनच्या ओळीपर्यंत ट्रक नेला आणि सवयीनं उलटा लावला, जसा तो कामाच्या जागी मशीन उतरवायला लावायचा. उतरून मागं आला तेव्हा ती अक्षरं त्याच्या डोळ्यांसमोर आली. त्या अख्ख्या ओळीत एवढं ठळक नाव दुसऱ्या कुणाचं नव्हतं.

पत्र्याची पाटी थोडी कलली होती. काचेखालचा कागद आता पिवळा आणि कोरा होता. त्यानं बुटानं माती दाबून पाटी सरळ केली आणि गुडघ्यावर बसला.

"हात दिला गं," तो म्हणाला. "आकड्याआधीच दिला."

मग त्यानं खिशातून खडूचा तुकडा काढला आणि काचेखालच्या पत्र्याच्या पट्टीवर लिहायला घेतलं. चाळीस वर्षं पाइपांवर मापं लिहिलेला हात, अक्षरं चौकोनी आणि सरळ आली. नेडीन पिकेट. तारखांना जागा उरली नाही. हा खडू आगीत टिकतो, लोखंड लाल होईपर्यंत पुसला जात नाही, म्हणून तर वेल्डर तो वापरतात. पाण्यानं मात्र जातो. मेच्या शेवटच्या सोमवारपर्यंत त्या मुलखात आठ-दहा पाऊस तरी होतात, हे त्याला ठाऊक होतं.

तो ट्रकमध्ये बसला. निघताना मागं दाखवणाऱ्या आरशात पाटी दिसत होती, पण तिच्यावरचं काही वाचता येत नव्हतं. ट्रक हळूहळू फाटकाबाहेर पडला. मागून कुणी हाक मारली नाही.